संपाच्या काळात लिहिलेला बॉण्ड: मायकल जी. विल्सन यांच्या शेवटच्या पटकथेचं प्रकरण

७ मार्च १९८८ रोजी अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने, म्हणजे रायटर्स गिल्डने, संप पुकारला. भांडण मुख्यतः मालिकांच्या पुनर्प्रक्षेपणातून आणि परदेशी विक्रीतून लेखकाला किती वाटा मिळावा यावर होतं. पण लेखणीबंद सगळ्याच सभासदांना लागू होता, चित्रपटवाल्यांनाही. त्या वेळी लंडनच्या ईऑन प्रॉडक्शन्सकडे सोळाव्या जेम्स बॉण्डपटाचा आराखडा तयार होता, पटकथा झालेली नव्हती. आराखडा दोघांनी मिळून केला होता. एक रिचर्ड मेबॉम, १९६२ च्या पहिल्या चित्रपटापासून बॉण्ड लिहीत आलेले, वय ७८. दुसरे मायकल जी. विल्सन, वय ४६, या सोळाव्या चित्रपटाचे सहलेखक आणि निर्मातेही. मेबॉम गिल्डचे सभासद होते, ते थांबले. विल्सन एकटे लिहीत राहिले. १८ जुलैला मेक्सिकोत कॅमेरा फिरायला लागला तेव्हाही संप मिटलेला नव्हता. तो मिटला ७ ऑगस्टला.

हा चित्रपट म्हणजे 'लायसन्स टू किल'. जून १९८९ मध्ये तो लंडनमध्ये झळकला. पटकथाकार म्हणून विल्सन यांचं नाव लागलेला हा शेवटचा बॉण्डपट. त्यानंतर तीन दशकं ते या मालिकेचे निर्माते राहिले, पण लेखकाच्या श्रेयात पुन्हा दिसले नाहीत. निर्माता आणि लेखक एकाच माणसात असले की पटकथेला काय लाभतं आणि तिच्या हातून काय सुटतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण हेरपटांच्या इतिहासात मला दिसत नाही. अपयशी ठरवून बाजूला टाकलेला हा चित्रपट पटकथा म्हणून नीट वाचला गेला नाही, असंही माझं ठाम मत आहे.

वकील, अभियंता आणि घरचा माणूस

विल्सन यांचा जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कचा. वडील लुईस विल्सन नट होते. १९४३ च्या चित्रपट-मालिकेत पडद्यावर पहिल्यांदा बॅटमॅन साकारला तो त्यांनी. आई डेना यांनी पुढे १९५९ मध्ये अल्बर्ट ब्रॉकली यांच्याशी लग्न केलं. हे ब्रॉकली म्हणजे सगळ्या चित्रपटसृष्टीचे 'कबी', हॅरी सॉल्ट्झमन यांच्यासोबत बॉण्डपट सुरू करणारे निर्माते. म्हणजे सावत्र वडिलांच्या घरात बॉण्ड रुजत असताना विल्सन विशीत होते. पण ते थेट चित्रपटात आले नाहीत. हार्वे मड कॉलेजातून अभियांत्रिकी, स्टॅनफर्डमधून कायदा, मग वॉशिंग्टनमध्ये वकिली. १९६४ मध्ये 'गोल्डफिंगर'च्या केंटकीतल्या चित्रीकरणावर सुट्टीत थोडं काम केलं, फोर्ट नॉक्सच्या प्रसंगात सैनिक म्हणून उभेही राहिले. ती हौस होती. ईऑनमध्ये ते सत्तरच्या दशकात आले ते कायद्याचं आणि व्यवहाराचं काम बघायला. त्या काळात ब्रॉकली आणि सॉल्ट्झमन यांची भागीदारी तुटत होती. कंपनीला विश्वासाच्या वकिलाची गरज होती.

तिथून ते हळूहळू कथेकडे सरकले. १९७७ च्या चित्रपटात निर्मात्यांचे विशेष साहाय्यक, १९७९ च्या 'मूनरेकर'ला कार्यकारी निर्माते, आणि १९८१ च्या 'फॉर युवर आइज ओन्ली'ला मेबॉम यांच्यासोबत पटकथाकार. तो धरून सलग पाच चित्रपटांच्या पटकथेवर या जोडीचं नाव आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्यातला 'ऑक्टोपसी' नक्की आठवेल: उदयपूरचं तळं, कबीर बेदी, विजय अमृतराज. त्या पटकथेवर जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर यांचंही नाव आहे.

या जोडीची एक कामाची पद्धत होती आणि या प्रकरणात तीच कळीची ठरते. इयान फ्लेमिंगच्या पुस्तकांतले जे प्रसंग आधीच्या चित्रपटांत वापरायचे राहून गेले होते, ते ही जोडी शोधून काढायची आणि नव्या कथेत बसवायची. १९८१ चा चित्रपट फ्लेमिंगच्या दोन लघुकथा जोडून उभा आहे, आणि त्यात बॉण्डला बोटीमागे दोरीला बांधून प्रवाळावरून फरपटवतात तो प्रसंग 'लिव्ह अँड लेट डाय' या कादंबरीतून उचललेला. त्याच नावाचा चित्रपट १९७३ मध्ये आला तेव्हा तो प्रसंग राहून गेला होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९८५ च्या चित्रपटानंतर रॉजर मूर बाजूला झाले, तेव्हा या दोघांनी तरुण, अननुभवी बॉण्डची, त्याच्या पहिल्या कामगिरीची कथा मांडली होती. कबी ब्रॉकली यांनी ती नाकारली. प्रेक्षकाला शिकाऊ बॉण्ड बघायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. लेखक विल्सन यांना निर्मात्याने नाही म्हटलं, आणि दोघांनी दुसरी कथा लिहिली. नाही म्हणणारं माणूस समोर असणं ही लेखकासाठी काय चीज असते, ते पुढे कळतं.

चीन हुकला, मेक्सिको मिळाला

१९८७ चा 'द लिव्हिंग डेलाइट्स' टिमोथी डाल्टन यांचा पहिला बॉण्डपट. तो लिहिला गेला तेव्हा नायक ठरलेला नव्हता. पुढचा चित्रपट मात्र डाल्टन डोळ्यांसमोर ठेवून लिहायचा होता. डाल्टन रंगभूमीवरचे नट. फ्लेमिंगच्या पुस्तकांतला थकलेला, चिडका, रक्तामांसाचा बॉण्ड त्यांना हवा होता.

आधी विचार चीनचा होता. विल्सन यांनी बर्मा, लाओस आणि थायलंडच्या सीमेवरच्या 'सुवर्ण त्रिकोणा'तल्या अफूच्या सम्राटावर दोन कथा-आराखडे केले. चीनच्या भिंतीवर पाठलाग, सैनिकांच्या प्राचीन मातीच्या पुतळ्यांच्या रांगांमध्ये मारामारी, अशा कल्पना होत्या. पण चिनी सरकारला पटकथेवर आपली मोहोर हवी होती, आणि 'द लास्ट एम्परर' या १९८७ च्या चित्रपटाने चीनच्या भव्यतेचं नवेपण आधीच वापरून टाकलं होतं. ते बारगळलं. खलनायक अमली पदार्थांचा व्यापारी राहिला, फक्त मध्य अमेरिकेत आला.

मेक्सिको निवडलं ते पैशाच्या हिशेबाने. ब्रिटनमध्ये चित्रीकरण महाग झालं होतं; तिकिटांवरच्या उपकरातून ब्रिटिश चित्रपटांना पैसा देणारी जुनी योजना १९८५ मध्ये बंद झाली होती. त्यामुळे पाइनवुडचा स्टुडिओ सोडून मेक्सिको सिटीच्या चुरुबुस्को स्टुडिओत मुक्काम पडला. चित्रीकरणासाठी ब्रिटनबाहेर पूर्णपणे गेलेला हा पहिलाच बॉण्डपट.

इथे निर्माता-लेखकाचा पहिला फायदा दिसतो. जागा ठरवणारा आणि प्रसंग लिहिणारा एकच असल्याने जागा कथेत जिरली. मेक्सिको सिटीतलं जुनं टपाल कार्यालय खलनायकाची बँक झालं, तिथला जुना स्पॅनिश क्लब जुगाराचा अड्डा झाला, अकापुल्कोतलं एक घर त्याचा बंगला झालं, ओतोमी आदिवासींचं टेकडीवरचं दगडी समारंभ-केंद्र त्याच्या धंद्याचा आडोसा असलेलं ध्यानपीठ झालं. या सगळ्या जागा मिळून 'इस्थमस' नावाचा काल्पनिक देश उभा राहतो, आणि त्या काळात वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही तो पनामा आहे हे कळत होतं. राष्ट्राध्यक्ष विकलेला, बँका विकलेल्या, पोलीस विकलेले. चित्रपटानंतर काही महिन्यांत, डिसेंबर १९८९ मध्ये, अमेरिकेने खऱ्या पनामात सैन्य उतरवलं.

एकट्याने लिहिताना

संपाबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. लेखकांच्या संपाची सगळी ताकद एका गोष्टीत असते: लेखक नाही तर पटकथा नाही, पटकथा नाही तर चित्रपट नाही. निर्मात्यालाच लिहिता येत असेल तर ती ताकद त्या चित्रपटापुरती संपते. मेबॉम यांनी तत्त्व पाळलं आणि आपल्याच आराखड्यावरचं काम दुसऱ्याच्या हाती सोपवलं, ही छोटी गोष्ट नव्हती. विल्सन यांच्यापुढे नट, जागा, स्टुडिओ, तारखा असा सगळा डोलारा उभा होता आणि तो थांबवला तर शेकडो लोकांचं काम थांबणार होतं. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचं एकाच वेळी पटणं अवघड आहे हेही मान्य आहे. श्रेयनामावलीत मेबॉम यांचं नाव राहिलं हे योग्यच झालं. आधीच्या चित्रपटांत त्यांचं नाव पहिलं असायचं. इथे विल्सन यांचं पहिलं आहे.

घाई किती होती याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. नायिकेच्या भूमिकेसाठी कॅरी लोवेल यांची चाचणी झाली तेव्हा नवी पटकथा तयार नव्हती. त्यांनी संवाद म्हटले ते १९८५ च्या जुन्या बॉण्डपटातले.

आणि अशा घाईत जे तयार झालं, त्याची बांधणी बघा.

कथा अशी. बॉण्डचा अमेरिकन मित्र फेलिक्स लायटर याच्या लग्नाच्या दिवशी दोघं मिळून सांचेझ या अमली पदार्थांच्या सम्राटाला पकडतात. सांचेझ लाच देऊन सुटतो, लायटरच्या बायकोचा खून होतो, लायटरला शार्कपुढे टाकतात. बॉण्ड सूड घ्यायला निघतो, वरिष्ठ त्याला थांबवतात, तो राजीनामा फेकतो. त्याचा मारण्याचा परवाना रद्द होतो. शार्कचा प्रसंग पुन्हा 'लिव्ह अँड लेट डाय' कादंबरीतलाच, चित्रपटात राहून गेलेला. मिल्टन क्रेस्ट हा बोटवाला आणि बाईला फटकावायचा माशाच्या शेपटीचा चाबूक फ्लेमिंगच्या एका लघुकथेतून आलेला. मेबॉम आणि विल्सन यांची जुनी सवय इथेही आहे.

नवं आहे ते पुढचं. एकटा, परवाना नसलेला, सरकारची मदत नसलेला माणूस सैन्य बाळगणाऱ्या सांचेझला कसा संपवेल? विल्सन यांनी उत्तर जपानमधून घेतलं. कुरोसावाच्या 'योजिम्बो'मध्ये एक मालक नसलेला सामुराई गावातल्या गुंडांना एकमेकांवर सोडतो, ती कल्पना आपण घेतल्याचं त्यांनी सांगितलेलं आहे. सांचेझला पैशापेक्षा निष्ठा महत्त्वाची वाटते, हे पटकथा सुरुवातीलाच पक्कं करते. मग बॉण्ड नेमका तिथेच घाव घालतो. सांचेझच्या माणसांना स्वतः मारत सुटण्यापेक्षा तो सांचेझच्या मनात त्यांच्याबद्दल संशय पेरतो. पुढची बरीच माणसं मग सांचेझच संपवतो.

क्रेस्टचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. बॉण्डने आधी सांचेझचे व्यवहारातले लाखो डॉलर पळवले आहेत. रात्री तो गुपचूप क्रेस्टच्या बोटीवर जातो आणि नोटांची बंडलं दाब-कोठडीत, म्हणजे खोल पाण्यातून वर आलेल्या माणसांना ठेवायच्या हवाबंद कोठडीत, टाकून येतो. सांचेझ येतो. पैसे कसे गेले, हे क्रेस्ट त्याला सांगतो: एक माणूस पाण्यातून आला, उडत्या विमानाला लटकला, वैमानिकाला बाहेर फेकलं आणि विमान घेऊन गेला. प्रेक्षकाने हे सगळं पाहिलेलं आहे, म्हणून प्रेक्षकाला ठाऊक आहे की क्रेस्ट अक्षर न अक्षर खरं बोलतोय. पण ते ऐकायला धादांत खोटं वाटतं, कारण ते बॉण्डपटातलं साहस आहे. कोठडी उघडते, आत पैसे. सांचेझ क्रेस्टला पैशांवर ढकलतो, दार लावतो, दाब वाढवतो आणि कुऱ्हाडीने नळी तोडून तो एकदम उतरवतो. बॉण्डपटातल्या अचाट साहसाचा असा वापर, की ते खरं सांगणाराच त्यामुळे मरतो, इतर कुठल्याही बॉण्डच्या पटकथेत मी पाहिलेला नाही. ही पक्क्या लेखकाची कामगिरी आहे.

दुसरा धागा पेट्रोलचा. सांचेझची माणसं कोकेन पेट्रोलमध्ये विरघळवून टँकरमधून बाहेर नेतात. चित्रपटाच्या मध्यावर ही युक्ती ध्यानपीठातल्या प्रयोगशाळेत गिऱ्हाइकांना दाखवली जाते, आणि शेवटचा पाठलाग याच टँकरांचा होतो, मेक्सिकालीजवळच्या रुमोरोसा घाटातल्या बंद ठेवलेल्या रस्त्यावर. फ्रेंच स्टंटतज्ज्ञ रेमी ज्युलियन यांच्या माणसांनी तिथे अख्खा टँकर एका बाजूच्या चाकांवर चालवला. अखेर उलटलेल्या टँकरजवळ सांचेझ स्वतःच्याच पेट्रोलने न्हालेला उभा आहे, हातात कोयता. बॉण्ड त्याला विचारतो, हे सगळं का केलं ते जाणून घ्यायचं नाही का? आणि खिशातून सिगारेट पेटवायचा लायटर काढतो. तो फेलिक्स आणि त्याच्या बायकोने लग्नाच्या दिवशी बॉण्डला भेट दिलेला असतो. सांचेझला कारण कळतं आणि त्याच क्षणी तो पेटतो. त्याचा माल, त्याची युक्ती, मित्राची भेट, सूडाचं कारण, चारही गोष्टी एका ठिणगीत येतात. करारात पहिल्या पानावर टाकलेलं कलम शेवटच्या पानावर लागू करावं तसं हे लेखन आहे. वकिलीत मुरलेल्या माणसाने ते लिहिलंय, याचं मला नवल वाटत नाही.

काय निसटलं

कच्च्या जागाही तितक्याच उघड आहेत, आणि त्या एकट्याने लिहिण्याच्या खुणा आहेत असं मला वाटतं.

मेबॉम यांचं खास कौशल्य हलक्या हाताने लिहिलेल्या संवादाचं होतं. हिंसेनंतर लगेच येणारं मिश्कील वाक्य, प्रेक्षकाला सुटकेचा श्वास देणारी जागा, हे त्यांनी १९६२ पासून साधलं होतं. इथे त्या जागा आहेत, पण बहुतेक भार बॉण्डला हत्यारं-उपकरणं पुरवणाऱ्या एकट्या क्यूवर पडला आहे. क्यू साकारणाऱ्या डेस्मंड लेवेलिन यांना या चित्रपटात त्यांची सर्वांत मोठी भूमिका मिळाली. रजा घेऊन, नियम मोडून बॉण्डच्या मदतीला आलेला म्हातारा क्यू जिथे जिथे येतो तिथे चित्रपट मोकळा होतो. तो गेला की पुन्हा घट्ट मिटतो.

दोन स्त्रिया आणखी कच्च्या लिहिल्या गेल्या. पॅम बूव्हिए ही वैमानिक सुरुवातीला मद्यालयात बंदूक घेऊन बॉण्डला वाचवते; पुढे तिला सांचेझची प्रेयसी ल्यूपे हिचा मत्सर करण्याशिवाय फारसं काम राहत नाही. ल्यूपेला चाबकाचे फटके खाताना दाखवून चित्रपट सुरू होतो, आणि तरी तिच्या मनात काय चाललंय हे पटकथा विचारत नाही. शेवटच्या मेजवानीत बॉण्डने दोघींमधून एकीला निवडणं, पोहण्याच्या तलावात उडी मारणं, हे सगळं आधीच्या दोन तासांशी विसंगत आहे. बायको गमावलेला, पाय गमावलेला लायटर इस्पितळातून फोनवर हसत बोलतो तो क्षण तर मला अजूनही खटकतो. समोर बसलेला दुसरा लेखक असता तर म्हणाला असता, इतक्या लवकर हसवू नका.

समोर दुसरं माणूस नव्हतं, हा खरा मुद्दा आहे. कबी ब्रॉकली निर्माते म्हणून सोबत होतेच, पण संपात अडकलेल्या, तारखांनी बांधलेल्या चित्रपटात लेखकाला मागे खेचायला वेळ कुणाकडे होता? १९८५ मध्ये नाही म्हणणारा निर्माता आणि लिहिणारा लेखक वेगवेगळे होते. १९८८ च्या उन्हाळ्यात लेखक विल्सन यांना अडवायचं काम बऱ्याच अंशी निर्माता विल्सन यांच्याकडेच होतं, आणि निर्मात्याला पानं हवी होती.

तिकीटबारी

ब्रिटनच्या सेन्सॉरने काटछाट करायला लावली आणि तरीही १५ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचंच प्रमाणपत्र दिलं. बॉण्डपटाच्या वाट्याला असं पहिल्यांदाच आलं, आणि आईबापांसोबत येणारी पोरं त्यामुळे दाराबाहेर राहिली. नावही शेवटी बदललं. आधी ठरलेलं नाव परवाना रद्द झाल्याचं सांगणारं होतं. अमेरिकन प्रेक्षकाला त्यावरून गाडी चालवायचा परवाना आठवतो, असं कारण सांगितलं जातं.

अमेरिकेत तो १४ जुलै १९८९ ला लागला. त्या उन्हाळ्यात आधीच इंडियाना जोन्सचा तिसरा भाग, 'घोस्टबस्टर्स'चा दुसरा, 'लीथल वेपन'चा दुसरा आणि 'बॅटमॅन' लागलेले होते. पडद्यावरच्या पहिल्या बॅटमॅनच्या मुलाचा चित्रपट बॅटमॅनच्या लाटेत वाहून गेला. अमेरिकेतला गल्ला साडेतीन कोटी डॉलरच्याही आत राहिला; आधीच्या बॉण्डपटाने तिथे ५ कोटींच्या वर कमावले होते. जगभरात मिळून सुमारे १५ कोटी ६० लाख डॉलर जमले. खर्च सव्वातीन कोटींच्या आसपास होता, म्हणजे तोट्याचा धंदा मुळीच नव्हता. पण कथा पसरली ती अपयशाची.

त्या अपयशाचं खापर पटकथेच्या गांभीर्यावर फुटलं, आणि ते चुकीचं होतं. तारीख वाईट होती, प्रमाणपत्राने प्रेक्षक कापला, जाहिरात फिकी होती. सूडाने पेटलेला, नियम मोडणारा, रक्ताळलेला बॉण्ड पुढे २००६ नंतर लोकांनी डोक्यावर घेतला.

त्यानंतर

पुढची सहा वर्षं बॉण्डपट आला नाही. एमजीएम-यूए ही वितरक कंपनी विकली जाऊ लागली, जुन्या बॉण्डपटांचे टीव्ही हक्क स्वस्तात जातील या भीतीने ब्रॉकली यांची कंपनी कोर्टात गेली, आणि विल्सन यांच्यातल्या वकिलाला पुन्हा काम लागलं. लेखकही लगेच गप्प झाला नव्हता. १९९० मध्ये त्यांनी अल्फॉन्स रुजेरो यांच्यासोबत डाल्टन यांच्या तिसऱ्या चित्रपटाचा आराखडा लिहिला. तो झाला नाही. मेबॉम जानेवारी १९९१ मध्ये गेले. डाल्टन यांनी १९९४ मध्ये भूमिका सोडली. दिग्दर्शक जॉन ग्लेन यांचाही 'लायसन्स टू किल' हाच शेवटचा बॉण्डपट ठरला.

१९९५ ला 'गोल्डनआय' आला. निर्माते विल्सन आणि त्यांची सावत्र बहीण बार्बरा ब्रॉकली. पटकथेवर नावं दुसऱ्यांची. जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर आले. कबी पुढच्या वर्षी जूनमध्ये गेले. त्यानंतर विल्सन आणि बार्बरा यांनी लेखक बाहेरून आणायचे, कथेच्या बैठकीत स्वतः बसायचं, पण कागदावर नाव लेखकांचं, ही रीत कायम ठेवली. १९९९ ते २०२१ पर्यंतच्या सगळ्या बॉण्डपटांवर नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड या जोडीचं नाव आहे. २००६ च्या 'कॅसिनो रॉयाल'मध्ये नवखा, परवाना नुकताच मिळालेला बॉण्ड आला. कबी यांनी वीस वर्षांपूर्वी नाकारलेली विल्सन आणि मेबॉम यांची कल्पनाच ती, फक्त आता फ्लेमिंगच्या पहिल्या कादंबरीच्या आधाराने आणि पर्व्हिस, वेड आणि पॉल हॅगिस यांच्या हातून. निर्माता विल्सन यांनी लेखक विल्सन यांचं जुनं कथाबीज दुसऱ्यांकडून उगवून घेतलं.

आणि मग नोव्हेंबर २००७ मध्ये रायटर्स गिल्डने पुन्हा संप केला. त्याच सुमारास 'क्वांटम ऑफ सोलेस'ची पटकथा अर्धवट होती. हॅगिस यांनी संप सुरू होण्याआधी काही तास आपला मसुदा दिला आणि थांबले. तारखा ठरलेल्या होत्या, चित्रीकरण जानेवारी २००८ मध्ये सुरू झालं, संप फेब्रुवारीपर्यंत चालला. हीच अडचण विल्सन यांनी वीस वर्षांपूर्वी एकट्याने लिहून सोडवली होती. या वेळी तसं झालं नाही. प्रसंग जुळवत बसले ते दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर आणि नायक डॅनियल क्रेग. आपण लेखक नाही, हे क्रेग यांनी नंतर एका मुलाखतीत सरळ कबूल केलं. चित्रपट १०६ मिनिटांचा झाला, सर्व बॉण्डपटांत सर्वांत छोटा, आणि त्याने जगभरात ५८ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला.

दोन्ही चित्रपट संपातले आहेत, दोन्हींत बॉण्ड वरिष्ठांचं न ऐकता सूडाच्या मागे लागलेला आहे. लागोपाठ पाहिले तर फरक लगेच कळतो. २००८ च्या चित्रपटात खलनायकाची योजना काय आहे आणि बॉण्ड एका शहरातून दुसऱ्या शहरात का जातोय, हे मध्यावर धूसर होतं. मारामाऱ्या चालू राहतात, कारण सुटलेलं असतं. १९८९ च्या चित्रपटात सांचेझचा प्रत्येक खून आधीच्या प्रसंगातून निघतो आणि पुढच्याला जन्म देतो. गल्ल्याच्या यादीत तो खाली आहे. पटकथा शिकणाऱ्याने मात्र या दोनांपैकी एकच निवडायचा असेल तर मी त्याच्या हातात 'लायसन्स टू किल' देईन, आणि क्रेस्टच्या दाब-कोठडीच्या प्रसंगापासून मागे मागे वाचत जायला सांगेन.